कल्पभेद

लग्न ठरल्यावर बाबा आईला कोणत्या सिनेमाला घेऊन गेले होते, यावर आमच्या घरात चाळीस वर्षं वाद चालला. बाबा म्हणायचे ‘शोले’, मिनर्व्हाला. आई म्हणायची ‘बॉबी’. थिएटर तिला आठवत नसे, पण नेसलेली साडी आठवायची, आणि त्या साडीचा पदर खुर्चीच्या खिळ्याला अडकून फाटला तेही. बरोबर राखणदार म्हणून मामाला पाठवलं होतं. तो तेव्हा अकरा वर्षांचा. त्याला सिनेमा अजिबात आठवत नाही. मध्यंतरात भावी भावोजींनी बटाटावडा घेऊन दिला, तेवढा आठवतो.

‘शोले’ लागला १५ ऑगस्ट १९७५ ला. माझा दादा जन्मला त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. हा हिशोब दादानेच एकदा, दहावीत असताना, जेवताना मोठ्याने मांडला. आईने त्याच्या पानात वाढायला उचललेली पोळी परत डब्यात ठेवली. बाबा मात्र ढिम्म. “असेल,” ते म्हणाले, “पण मला अमजद खान आठवतो.” त्यातून मिनर्व्हाला ‘शोले’ पाच वर्षं ठाण मांडून होता. ‘मिनर्व्हाला शोले लागला होता तेव्हा’ असं म्हणणं म्हणजे ‘पाऊस पडत होता तेव्हा’ म्हणण्यासारखंच.

मी त्या वेळी आईच्या बाजूची होते. तारखा तिच्या बाजूने होत्या. पुढे काही वर्षांनी आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एक पिवळं कुटुंब राहायला आलं आणि माझा पक्ष हळूहळू डळमळायला लागला.

केबलवाल्याने गॅलरीतून वायर आत घेतली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं, आणि त्या भोकातून होमर सिम्पसन आत आला. स्टारच्या इंग्रजी वाहिनीवर ‘द सिम्पसन्स’ लागायचं. अणुवीज प्रकल्पात नोकरीला असलेला, डोनट खाणारा, टकल्या होमर. निळ्या केसांचा मनोरा बांधलेली मार्ज. दहा वर्षांचा उपद्व्यापी बार्ट, आठ वर्षांची हुशार आणि म्हणून एकटी पडलेली लिसा, आणि चोखणी तोंडात घेतलेली मॅगी. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकाराने हे कुटुंब एका ऑफिसबाहेर बसून, काही मिनिटांत, घाईघाईत काढलं म्हणतात. नावं सुचायला वेळ नव्हता म्हणून घरचीच दिली: वडील होमर, आई मार्गरेट, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव तेवढं वगळलं. १९८७ मध्ये ‘ट्रेसी उलमन शो’च्या मधल्या फटींत त्यांचे चिमुकले तुकडे दाखवायला सुरुवात झाली, आणि १७ डिसेंबर १९८९ ला अर्ध्या तासाचा पहिला स्वतंत्र भाग लागला. आज साडेसातशेच्या पुढे भाग झालेत आणि बार्ट अजून चौथीत आहे.

मला त्यातलं निम्मं कळत नसे. इंग्रजी कळायचं; अडचण इंग्रजीची नव्हती. अडचण अशी की ही माणसं सतत कशाची तरी नक्कल करत होती आणि ते ‘कशाची’ आम्हाला ठाऊक नव्हतं. पडद्यावर होमरचा म्हातारा मालक बर्न्स झोपेत काहीतरी पुटपुटतो, हातातून बर्फाचा काचगोळा निसटतो, आणि मागे अमेरिकेतली माणसं नक्की हसत असणार हे जाणवतं. आपण मात्र लग्नघरी चुकीच्या पंगतीत बसल्यासारखे इकडेतिकडे बघतो. मी एक शंभर पानी वही केली, पाठीमागे पाढे छापलेली. तीत लिहून ठेवायचे: ‘म्हाताऱ्याचं अस्वल, काचगोळा, कुठून?’ ‘बाळाने हातोडी मारली, किंचाळणारी व्हायोलिनं, कुठून?’ ‘रेल्वे विकणारा गाणारा माणूस, कुठून?’ समोर कोरी जागा सोडायची. इंटरनेट नव्हतं. शेजारी, कॉलेजातले सर, रद्दीत आलेली इंग्रजी मासिकं, जिथून उत्तर मिळेल तिथून ते भरायचं. काही जागा सात-आठ वर्षांनी भरल्या.

हातोडीची जागा भरली ती एका फिल्म सोसायटीच्या अंधारात. हिचकॉकचा ‘सायको’ होता. शॉवरखालचा तो प्रसंग सुरू झाला, बर्नार्ड हरमनची व्हायोलिनं चिरकायला लागली, सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं, आणि मी फिस्सकन हसले. माझ्या डोळ्यांसमोर होमर होता, तळघरात मसाल्यांची मांडणी ठोकत बसलेला. मागून मॅगी येते, डोक्यात हातोडी घालते, नेमकी हीच व्हायोलिनं, होमर कोसळतो, रंगाचा डबा लवंडतो आणि लाल रंग फरशीवरून संथ वाहत जातो. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मध्यंतरात जागा बदलली. आणि खरं सांगायचं तर मूळ पाहून मी थोडी हिरमुसले. ‘सायको’ कृष्णधवल आहे. त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. माझ्या लेखी लाल रंगाचा डबा अस्सल होता आणि हिचकॉकचा सिनेमा ही त्याची रंग उडालेली जुनी प्रत.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं असंच झालं असावं. ‘सिटिझन केन’मधला काचगोळा फुटताना बघितला तेव्हा मी मनात ‘बोबो’ म्हणून मोकळी झाले, कारण बर्न्सच्या हरवलेल्या अस्वलाचं नाव ते. आधी नातू भेटला, मग आजोबा. साहजिकच आजोबांचं नाक नातवावर गेलेलं वाटलं.

वहीतली एक जागा मात्र कधीच भरली नाही. साइडशो बॉब नावाचा एक सूडाने पेटलेला विदूषक आहे, तो एका भागात दाताळ्यावर पाय देतो आणि दांडा फाडकन तोंडावर बसतो. मग पुन्हा. मग पुन्हा. एकूण नऊ वेळा. इतक्या आग्रहाने केलंय म्हणजे कुठल्यातरी थोर सिनेमाचं बोट धरलं असणार, अशी माझी खात्री. अख्खा भागच मुळी ‘केप फिअर’ची नक्कल होता. मी चॅप्लिन पाहिला, कीटन पाहिला, दाताळं शोधत राहिले. पुढे कळलं ते असं: भाग लांबीला कमी पडत होता, म्हणून एकच आपटणं त्यांनी ताणलं. मूळ वगैरे काही नाही. कीर्तनात बुवांना पुढचं आख्यान आठवेपर्यंत झांजा चालू ठेवतात, तसं. आजही हसून पोटात दुखावं असा प्रसंग तोच आहे.

वही भरत गेली तसा मला दुसरा नाद लागला. उल्लेख शोधता शोधता चुका दिसायला लागल्या. पहिल्या वर्षातल्या एका भागात बर्न्सचा हुजऱ्या स्मिदर्स चक्क कृष्णवर्णीय आहे, निळ्या केसांचा. रंगवणाऱ्यांकडून झालेली चूक. मित्र बार्नीचे केस आधी कातडीच्याच पिवळ्या रंगाचे, मग तपकिरी. होमरचं वय कधी छत्तीस, कधी एकोणचाळीस. त्यांचं गाव स्प्रिंगफील्ड कोणत्या राज्यात आहे हे तर कुणालाच सांगायचं नाहीये. एका भागात निवेदक हे कुटुंब उत्तर केंटकीतलं म्हणतो आणि तोच भाग पुन्हा दाखवला तेव्हा दक्षिण मिझुरीतलं. या झाल्या फुटकळ गोष्टी. खरी गंमत तारखांची.

१९९१ साली दाखवलेल्या एका भागात टीव्ही बिघडतो आणि मुलांची करमणूक म्हणून आई-बाप आपल्या प्रेमाची गोष्ट सांगतात: १९७४, शाळेचं शेवटचं वर्ष. त्याच वर्षअखेरीच्या दुसऱ्या भागात होमर आणि मार्ज ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ बघून बाहेर पडतात आणि होमर रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर मोठ्याने सांगून टाकतो की डार्थ व्हेडर हाच ल्यूकचा बाप. अख्ख्या रांगेचा सिनेमा नासतो. म्हणजे १९८०. तेव्हाच बार्टची चाहूल लागते आणि घाईने लग्न होतं. (बाबांच्या हिशोबाने दादा म्हणजे बार्टच, हे मी त्याला एकदा म्हटलं. त्याला आवडलं नाही.) पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, लिसाच्या जन्माची गोष्ट येते: लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक, म्हणजे १९८४. सोव्हिएत संघ आणि त्याचे बहुतेक सोबती खेळायलाच आले नाहीत, अमेरिका पदकामागून पदक जिंकत गेली, आणि पदकांवर फुकट बर्गर जाहीर करून बसलेला क्रस्टी विदूषक साडेचार कोटी डॉलरच्या आसपास बुडाला. सगळं कसं चोख. तेव्हा लिसा आठ वर्षांची होती, आणि १९८४ मध्ये आठ मिळवले की १९९२ च येतात.

आता ती लिसा चाळिशी ओलांडलेली बाई असायला हवी. आणि ती आठच वर्षांची आहे.

इथे चूक कुणाची? कागदावर कुणाचंही वय वाढत नाही. टॉम गेली ऐंशी वर्षं जेरीमागे धावतोय, त्याला कुणी जन्मसाल विचारत नाही. कारण टॉम कशाबद्दलच बोलत नाही. त्याच्या घराबाहेर निवडणूक होत नाही, कुठला सिनेमा लागत नाही. सिम्पसन कुटुंबाला मात्र तोंड आवरत नाही. ते सिनेमाला जातात, ऑलिम्पिक बघतात, त्यांच्या गल्लीत बीटल्सपैकी कुणीतरी उगवतो. प्रत्येक उल्लेख म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी. गोष्ट तेवढ्यापुरती छान लटकते. भिंत मात्र मागे मागे सरकत राहते आणि खुंटी जिथल्या तिथे. ‘सायको’ची नक्कल करण्याची हौस आणि होमरच्या वयाचा घोळ, मी दोन वेगळ्या वह्यांत लिहीत होते, ती एकच वही असायला हवी होती. बाबांनी ‘सिनेमाला गेलो होतो’ एवढंच सांगितलं असतं तर त्यांना कुणीच पकडलं नसतं. अमजद खानचं नाव घेतलं आणि सापडले.

चुका पकडणारे आमच्यासारखे लोक जगभर आहेत हे त्या मालिकेच्या लेखकांना पक्कं ठाऊक होतं. १९९७ चा एक भाग आहे, १६७ वा. त्या भागाने ‘फ्लिंटस्टोन्स’चा १६६ भागांचा विक्रम मोडला. असा टप्पा गाठल्यावर कुणीही हारतुरे घेतले असते. यांनी स्वतःच्याच प्रेक्षकांना एक टपली मारली. सिम्पसन घरातली मुलं जे कार्टून बघतात त्यात इची नावाचा उंदीर आणि स्क्रॅची नावाचं मांजर आहे. एका दुकानात त्या कार्टूनच्या चाहत्यांची सभा भरलीये. एक तरुण उठून गंभीरपणे विचारतो: अमुक क्रमांकाच्या भागात इची स्क्रॅचीच्या सांगाड्यावर संगीत वाजवतो, तेव्हा तो एकाच बरगडीवर लागोपाठ दोनदा काठी मारतो, पण सूर मात्र दोन वेगळे निघतात, हे कसं? या चुकीबद्दल कुणाची तरी नोकरी गेली असेल अशी आशा आहे, असंही वर सुनावतो. मी तो भाग बघत होते तेव्हा मांडीवर वही होती. मी ती उशीखाली सरकवली.

दोन वर्षांनी याच प्रश्नांना त्यांनी एक कायमचं उत्तर शोधून ठेवलं. ‘झीना’ मालिकेतली नायिका लूसी लॉलेस स्वतःच्याच नावाने एका भागात येते. चाहते तिला विचारतात की एका दृश्यात तुझा घोडा एका जातीचा होता आणि पुढच्याच दृश्यात दुसऱ्या, असं का? ती थंडपणे सांगते की असं काही दिसलं की समजायचं, जादूगाराने केलं.

मी हे उत्तर आधी ऐकलेलं होतं. फक्त ते मराठीत होतं आणि देणारे बुवा होते. आजी मला गणपतीच्या देवळात कीर्तनाला नेत असे. एका वर्षी बुवांनी सांगितलं की गणपतीचा दात परशुरामाच्या परशूने तुटला. पुढच्या वर्षी, त्याच खांबाशी उभं राहून, सांगितलं की महाभारत लिहिताना लेखणी मोडली म्हणून गणपतीने स्वतःच दात उपटून घेतला. मी नऊ वर्षांची असेन. आरतीनंतर प्रसाद घेताना मी विचारलं, गेल्या वर्षी तर परशुराम म्हणाला होतात. आजीने माझा दंड चिमटला. बुवा मात्र रागावले नाहीत. माझ्या हातावर खोबऱ्याचा आणखी एक तुकडा ठेवला आणि म्हणाले, “कल्पभेद, बाळ.”

ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, चारशे बत्तीस कोटी वर्षांचा. कल्प सरला की सगळं पुन्हा. पुन्हा परशुराम, पुन्हा व्यास, पुन्हा गणपती, पण प्रत्येक खेपेला थोडा फरक. दोन पुराणांत दोन गोष्टी असल्या तर दोन्ही खऱ्या. एक त्या कल्पातली, एक या कल्पातली. टीकाकारांनी शतकानुशतकं या एका शब्दावर केवढाली भगदाडं बुजवली आहेत. जादूगारापेक्षा हे उत्तर मला केव्हाही सरस वाटतं. जादूगार प्रश्नाला हाकलून देतो. बुवांनी मला खोबरं दिलं.

आणि गणपती तर स्प्रिंगफील्डमध्येही आहे. अपूच्या दुकानात. अपू नहासपीमापेटिलोन, क्विक-इ-मार्टचा मालक, त्याने दुकानात गणपतीची मूर्ती ठेवलीये. १९९२ च्या एका भागात होमर चर्चला जायचं सोडतो आणि गावातल्या सगळ्या धर्मांची चौकशी करत फिरतो. गणपतीसमोर तो शेंगदाणा धरतो, आणि माझ्या देवाला शेंगदाणे देऊ नका, असं अपू त्याला सांगतो. आमच्याकडे हे बघून बाबा खूश झाले होते. “मोदक द्यायचा, मूर्खा,” ते टीव्हीला म्हणाले. त्यांनी आपणहून तिथे बसून पाहिलेला बहुधा तेवढाच भाग.

अपूचं नाव सत्यजित रायांच्या अपूवरून ठेवलेलं. ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’, ‘अपूर संसार’. निश्चिंदीपूरच्या त्या मुलाने बहिणीबरोबर काशाच्या शेतातून धावत जाऊन आगगाडी पाहिली, आणि मग कुणा अमेरिकन लेखकाच्या डोक्यातून वाट काढत तो चोवीस तास उघड्या दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसला. हा उल्लेख माझ्या वहीत नव्हताच, कारण तो मला शोधावा लागला नाही. आणि नेमका तोच उल्लेख अमेरिकेतल्या कितीतरी प्रेक्षकांना कळला नसणार. पुढे अपूची खुंटीही निखळली. तिकडे वाढलेल्या भारतीय पोरांना शाळेत त्याच्या हेलात चिडवलं जायचं. विनोदकार हरी कोंडाबोलूने २०१७ मध्ये यावर माहितीपट केला, आणि २०२० मध्ये हँक अझारियाने अपूला आवाज देणं थांबवलं. आता अपू गर्दीत दिसतो, दुकानात दिसतो. बोलत नाही. मला अपूचं हसू यायचं हे मी नाकारत नाही, पण मी डोंबिवलीत हसत होते, जिथे सगळेच अपू. न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या मावसभावाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तुला काय जातंय, ताई.” बरोबर आहे, मला काहीच गेलं नाही.

चुकांच्या यादीत सर्वांत बदनाम भाग १९९७ चा, मुख्याध्यापक स्किनरचा. इतकी वर्षं ज्याला आपण सीमोर स्किनर म्हणून ओळखतो तो तोतया निघतो. खरा स्किनर व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेला. त्याच्या मरणाची बातमी सांगायला आलेल्या आर्मिन टॅमझेरियन नावाच्या वाया गेलेल्या सैनिकाने त्याचं नाव, त्याची नोकरी आणि त्याची आईसुद्धा घेतली. आता खरा परत येतो. आणि गाव, म्हाताऱ्या आईसकट, ठरवतं की आम्हाला खोटाच बरा. खऱ्याला खुर्चीला बांधून आगगाडीच्या उघड्या डब्यावर बसवून देतात. न्यायाधीश फर्मान काढतो की याविषयी पुन्हा कुणी चकार शब्द काढला तर त्याचे हाल करण्यात येतील. चाहते भडकले. स्किनरला आवाज देणारा हॅरी शिअररसुद्धा भडकला. प्रेक्षकांनी आठ-आठ वर्षं जीव लावलेला माणूस असा क्षणात मोडीत काढायचा नसतो, असं त्याचं म्हणणं. ते पटतं. तरी तो भाग मला लोकांइतका वाईट वाटत नाही. आईने पोटचा सोडून सवयीचा मुलगा निवडला, यात पोरखेळ काय आहे? ज्या गोष्टीविषयी पुन्हा बोलायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय अशी एखादी गोष्ट नाही, असं घर मी तरी पाहिलेलं नाही. आमच्याकडे तशा दोन आहेत.

सात वर्षांनी त्या फर्मानाचा भंग झाला, आणि तो इतक्या नाजूक हाताने की मी टाळी वाजवली. लिसाची मांजर मरते. स्नोबॉल दुसरी. मग आणलेली तिसरी मरते, चौथी मरते. शेवटी एक पाचवी येते, हुबेहूब दुसरीसारखी दिसणारी. लिसा तिला स्नोबॉल दुसरी असंच नाव देऊन टाकते, म्हणजे जेवणाचं नवं भांडं घ्यायला नको आणि काहीच झालं नाही असं समजता येईल. तिथून जाणारा स्किनर म्हणतो, ही जरा फसवणूकच नाही का? लिसा वर बघते आणि शांतपणे म्हणते, खरंय, मुख्याध्यापक टॅमझेरियन. तो चालू लागतो. जुन्या चुकीने नव्या चुकीला चहाला बोलवावं, असं ते दृश्य आहे.

२००८ मध्ये मग त्यांनी होमरच्या तारुण्याची भिंतच उचलून पुढे नेली. नव्या भागात होमर आणि मार्ज तरुण आहेत ते १९९० च्या दशकात, होमर विस्कटलेल्या केसांनी ग्रंज वाजवतोय. १९७४ चं काय झालं? १९८० च्या त्या रांगेचं? कल्पभेद. पूर्वी १२ मे १९५६ ही जन्मतारीख त्याच्या वाहन परवान्यावर आपण पाहिलेली. तसा धरला तर तो आता नोकरीतून निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असता. माझे चुलतभाऊ त्या भागावर अजून दात-ओठ खातात. मी मात्र तेव्हा बत्तिशीत होते, आणि होमर पहिल्यांदाच माझ्या वयाचा दिसत होता. माझीच कॅसेट, माझाच चौकड्यांचा शर्ट. तिशीतल्या माणसाला सगळ्यांनी आपापल्या तरुणपणाचे कपडे घालून बघावेत, यापलीकडे त्या भागात दुसरं काही नसेलही.

२००६ चा एक भाग तेवढा सांगते. बर्न्स आपला अणुवीज प्रकल्प उचलून बंगळूरला नेतो. शेवटी सगळे नाचतात आणि मागे ‘द ट्रेन’ या १९७० च्या सिनेमातलं गाणं लागतं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी आईला बघितलं. या कार्टूनशी तिने पंधरा वर्षं काडीचा संबंध ठेवला नव्हता. पळी हातात तशीच. “ही आशा,” ती म्हणाली. मग राजेश खन्ना, मग नंदा, मग तिच्या कॉलेजच्या तीन मैत्रिणींची नावं आणि त्यांतल्या एकीने पायात दुसरीचीच चप्पल घालून घरी जाणं. वर्ष तिने बरोबर सांगितलं. वहीत पाहण्याची गरज पडली नाही.

कागदावरची माणसं वाढत नाहीत, पण घसे वाढतात. पहिल्या वर्षातला होमर जाड, खर्जात बोलायचा, वॉल्टर मॅथाऊच्या ढंगात. हळूहळू तो आवाज डॅन कॅस्टेलनेटाला आपोआप दुसरीकडे घेऊन गेला. जुना भाग आणि नवा भाग पाठोपाठ लावा, मार्जच्या आवाजात ज्युली कॅवनरची सगळी वर्षं ऐकू येतात. चित्र पस्तिशीतलं, आवाज म्हातारा. आणि आवाज थांबला की जादूगाराला काही सुचत नाही. बार्टच्या वर्गशिक्षिका एडना क्रॅबॅपल यांना आवाज देणारी मार्शा वॉलेस २५ ऑक्टोबर २०१३ ला गेली. बऱ्याच भागांच्या सुरुवातीला बार्ट फळ्यावर शिक्षेचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत असतो, फळा भरेपर्यंत. शाळा सुटते आणि तो पळतो. पुढच्या आठवड्यात फळ्यावर एकच ओळ होती, बाईंची खूप आठवण येईल अशी. त्याखाली फळा रिकामा.

बाबा गेले त्याच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर दादाच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी आजीला प्रश्न विचारायला घेतले. जन्मगाव, शाळा, लग्नाची तारीख. मग तिने विचारलं, आजोबांबरोबर पहिला सिनेमा कोणता?

“शोले,” आई म्हणाली. “मिनर्व्हाला.”

दादाने मान वर केली. त्याच्या ओठांवर फेब्रुवारी आलेला मला दिसला, आणि गिळलेलाही दिसला. आई साडीविषयी सांगत होती, पदर खिळ्याला अडकला त्याविषयी, आणि गब्बर आला तेव्हा आजोबा कसे खुर्चीत पुढे सरकले त्याविषयी. मुलगी भराभर लिहून घेत होती. कोपऱ्यात मामा सुपारी कातरत बसला होता.

“आणि वडा?” मी त्याला विचारलं.

“वडा होताच,” मामा म्हणाला.